पैसे सगळ्यांचे, कारभार एकाचा: सामूहिक मालमत्ता गुंतवणुकीत जोखीम नेमकी कुठे असते?

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आहे. सहा जिल्ह्यांची कामं इथं येतात. वकिलांना ऑफिस हवं, सिंधुदुर्गाहून किंवा सोलापूरहून आलेल्या पक्षकाराला एक रात्र राहायला खोली हवी. शहरात जागेची विचारपूस वाढली यात नवल नाही. पण या खऱ्या मागणीच्या आडून एक प्रस्ताव फार सोपा करून गळी उतरवला जातो आहे. 'मोठी इमारत एकट्याला परवडत नाही ना? दहा लाख घाला, तेवढ्या हिश्श्याचे मालक व्हा. भाडेकरू, दुरुस्ती, घरफाळा सगळं आम्ही बघतो. तुम्ही दर तीन महिन्यांनी खात्यावर भाडं जमा झालेलं बघायचं.'

हाच प्रस्ताव दुसऱ्या वाटेनंही घरात येतो. अमेरिकेत नोकरीला असलेला मुलगा किंवा जावई फोनवर सांगतो, की आम्ही सगळे मित्र टेक्सासमधल्या एका अपार्टमेंट संकुलात पैसे घालतोय, बाबांनीही थोडे घालावेत.

विचारणा होते ती बहुतेक अशा माणसाला, ज्याच्या हातात नुकतीच मोठी रक्कम आली आहे. निवृत्त शिक्षकाची ग्रॅच्युइटी, व्हीआरएसचे पैसे, रस्त्यात गेलेल्या शेतीचा मोबदला. ही रक्कम पुन्हा उभी राहणार नसते. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेतला पाहिजे.

## हा प्रकार आहे तरी काय?

अनेकांनी पैसे एकत्र करून एक मोठी मालमत्ता घ्यायची आणि ती चालवायचं काम एकाकडे द्यायचं, याला रिअल इस्टेट सिंडिकेशन म्हणतात. चालवणारा तो प्रवर्तक. जागा तो शोधतो, सौदा तो करतो, कर्ज तो काढतो, भाडेकरू तो ठेवतो आणि कधी विकायचं हेही तोच ठरवतो. बाकीचे फक्त पैसे घालतात. आपल्या बाजारपेठेत अशा माणसाला पूर्वीपासून स्लीपिंग पार्टनर म्हणतात.

हे सगळं साधारणपणे एका एलएलपीमार्फत चालतं. एलएलपी म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, २००८ च्या कायद्यानं आलेली. धंदा बुडाला तर भागीदाराचं नुकसान त्यानं घातलेल्या रकमेपुरतं राहतं. १९३२ च्या कायद्याखालच्या साध्या भागीदारी फर्ममध्ये तसं नाही. तिथं फर्मच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार स्वतः जबाबदार असतो आणि वसुली त्याच्या राहत्या घरापर्यंत येऊ शकते. 'आपली फर्मच आहे, डीड करून टाकू' असं कुणी सहज म्हणालं, तर तिथंच थांबून कागद कोणत्या कायद्याचा हे विचारायला हवं. स्लीपिंग पार्टनर झोपलेला असला तरी फर्मचं कर्ज त्याच्याही डोक्यावर असतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. इमारत एलएलपीच्या नावावर असते. तुमच्या नावावर तिचा एक चौरस फूटसुद्धा नसतो. तुमच्याकडे असतो तो एलएलपीमधला हिस्सा, आणि त्या हिश्श्याला काय अधिकार आहेत हे करार ठरवतो. त्यामुळे इमारत कितीही देखणी असली तरी तुम्ही खरं तर विकत घेता तो करार.

## भाडं आलं, पण आपल्यापर्यंत कधी?

ऊस उत्पादकाला हा भाग समजवावा लागत नाही. कारखान्याला ऊस गेला, टनाला दर ठरला, आकडा मोठा दिसला, तरी सोसायटीचं पीककर्ज आधी वळतं होतं आणि उरलेलं बिल खात्यावर पडतं. इथंही तसाच क्रम असतो. आलेल्या भाड्यातून आधी घरफाळा, विमा, लिफ्ट, वॉचमन, दुरुस्ती. मग बँकेचा हप्ता. मग प्रवर्तकाची फी. त्यानंतर काही उरलं तर ते तुमचं. नफ्यात तुमचा वाटा ७० टक्के आणि प्रवर्तकाचा ३० टक्के असं माहितीपत्रकात ठळक छापलेलं असतं, पण हे ७० टक्के शेवटी उरलेल्या रकमेचे असतात.

पुष्कळ योजनांत 'प्राधान्य परतावा' नावाची गोष्ट सांगतात. तुम्हाला वर्षाला अमुक टक्के मिळाल्याशिवाय प्रवर्तक नफ्याला हात लावणार नाही, असा त्याचा अर्थ. चांगली अट आहे, पण ती हमी नव्हे. पैसे उरलेच नाहीत तर तो परतावा वहीत साचत जातो आणि इमारत तोट्यात विकली गेली तर वहीतच राहतो. शिवाय प्रवर्तकाची फी या अटीच्या बाहेर असते. ती आधीच निघून गेलेली असते.

## बारा टक्के येतात कुठून?

अशा योजनांच्या माहितीपत्रकात वर्षाला बारा टक्के परतावा छापलेला असतो. तो येतो कुठून, हे एका कल्पित हिशेबानं पाहू. आकडे मुद्दाम सोपे घेतले आहेत.

शहरात १० कोटींची एक व्यापारी इमारत. बँकेचं कर्ज ६ कोटी, सभासदांनी घातलेले ४ कोटी. वर्षाचं भाडं ९० लाख, खर्च २० लाख, म्हणजे निव्वळ ७० लाख. किमतीच्या ७ टक्के. कर्जावर साडेआठ टक्क्यांनी ५१ लाख व्याज गेलं, उरले १९ लाख. चार कोटींवर हे पावणेपाच टक्के होतात. मुद्दलाचा हप्ता अजून धरलेला नाही.

आता फी. प्रवर्तक 'फक्त दोन टक्के' खरेदी फी घेतो. पण दोन टक्के कशाचे? बहुतेक ठिकाणी पूर्ण किमतीचे, म्हणजे १० कोटींचे २० लाख. सभासदांच्या ४ कोटींच्या मानानं ते पाच टक्के झाले, आणि तेही पहिल्याच दिवशी. त्याशिवाय दरवर्षी मालमत्तेच्या एक टक्का व्यवस्थापन फी असेल तर १० लाख आणखी गेले. १९ लाखांतले उरले ९. तुमचा खरा परतावा सव्वादोन टक्के. जिल्हा बँकेतली ठेव याहून जास्त देते.

मग माहितीपत्रकातले बारा टक्के कुठले? ते पाचव्या वर्षी इमारत विकून येणार असतात. मजकुरात 'आयआरआर' असा शब्द दिसेल. सगळ्या वर्षांचं येणं-जाणं आणि शेवटची विक्री धरून काढलेला तो वार्षिक दर. त्यातली शेवटची विक्री म्हणजे प्रवर्तकानं आज धरलेला अंदाज असतो.

तो अंदाज किती नाजूक असतो बघा. पाच वर्षांनी निव्वळ भाडं ७० वरून ८० लाखांवर गेलं असं समजू. घेणारा त्या वेळीही किमतीच्या ७ टक्के निव्वळ भाड्यावर समाधानी असेल तर इमारतीला साधारण ११ कोटी ४३ लाख मिळतील. त्याला ८ टक्के हवे असतील तर किंमत होते १० कोटी. ९ टक्के हवे असतील तर ८ कोटी ८९ लाख. इमारत तीच, भाडं तेच, वाढलेलं. पहिल्या बाबतीत बँकेचे ६ कोटी देऊन सभासदांना ५ कोटी ४३ लाख मिळतात, दुसऱ्यात घातलेले ४ कोटी तेवढे परत येतात आणि तिसऱ्यात उरतात २ कोटी ८९ लाख. पुढचा गिऱ्हाईक किती टक्के मागेल हे प्रवर्तकाच्या हातात नसतं. तो प्रामाणिक असला तरी नसतं.

म्हणून माझ्या मते विचारायचा पहिला प्रश्न असा: विक्रीच्या वेळचा दर तुम्ही किती टक्के धरला आहे, आणि तो एका टक्क्यानं वाढला तर आमचं काय होतं? या प्रश्नाला जो लगेच कागद काढून उत्तर देतो, त्याच्याशी पुढं बोलायला हरकत नाही.

## 'पण जागा तर कुठं पळून जात नाही ना?'

हा आक्षेप घरोघरी ऐकायला मिळतो आणि त्यात तथ्यही आहे. पूर्ण पैसे देऊन, कर्ज न काढता घेतलेली, आपल्या नावावरची जागा खरंच कुठं जात नाही. भाव पडला तर थांबता येतं. आपल्या वाडवडिलांचा जागेवरचा विश्वास अशा व्यवहारांतून आलेला आहे.

कर्ज आलं की थांबायची मुभा जाते. वरच्या इमारतीत ३५ टक्के भाडं देणारा एक मोठा भाडेकरू निघून गेला असं धरा. भाडं ९० वरून साडेअठ्ठावन्न लाखांवर आलं. खर्च थोडा आवळून १८ लाख केला तरी उरतात साडेचाळीस, आणि व्याज आहे ५१ लाख. साडेदहा लाख कमी पडले. हे कोण भरणार? करारात एक कलम असतं, सभासदांकडून जादा पैसे मागण्याचं. मागणी आली आणि तुम्ही भरले नाहीत, तर तुमचा हिस्सा कमी होऊ शकतो. भरले, तर आधीच अडचणीत असलेल्या ठिकाणी आणखी पैसे गेले. कुणीच भरले नाहीत तर बँक जप्तीकडे वळते. जागा जागेवरच राहते, मालक तेवढा बदलतो.

कोल्हापुरात दुसरीही एक जोखीम आहे आणि ती नकाशावर स्पष्ट दिसते. २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तिथं ४३ फूट आहे. पाटबंधारे विभागानं आखलेल्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला परवानगी नसते आणि निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात. प्रस्तावातली जागा या रेषांच्या कोणत्या बाजूला पडते हे दाखवणारा नकाशा मागितल्याशिवाय चर्चा पुढं नेऊ नये. स्वतःसाठी दुकान घेताना आपण शेजाऱ्याला विचारतो, 'पाणी कुठवर आलं होतं?' इथं मात्र हॉटेलच्या हॉलमध्ये पडद्यावर ड्रोननं घेतलेलं चित्र फिरतं, हिरव्या रंगात भविष्यातला रिंगरोड काढलेला असतो, आणि जागेवर जाऊन शेजाऱ्याशी बोलावं हे कुणाला सुचत नाही.

## 'प्रवर्तक ओळखीचा आहे, आपल्या तालमीतला'

ओळख ही मोठी गोष्ट आहे. कोल्हापूरचे कितीतरी धंदे नुसत्या शब्दावर उभे राहिले. मात्र ओळखीनं माणसाची नियत कळते. त्याला कर्जाची मुदत, भाडेकराराचा लॉक-इन (भाडेकरूला मध्येच सोडून जाता येत नाही ती मुदत) आणि बांधकामाचा खर्च सांभाळता येतो की नाही, हे ओळखीतून कळत नाही. शिवाय ओळखीच्या माणसाला हिशेब विचारायला आपण संकोचतो. चुलत्याच्या मुलाला 'ऑडिट दाखव' म्हणायचं म्हणजे घरात चर्चा. अशा नात्यातल्या योजनांत वर्ष-वर्ष कागद मागितलाच जात नाही, आणि छोटी अडचण मोठी होईपर्यंत कळत नाही.

करारात नजर कुठं टाकायची, तर तीन जागी. पहिली: 'व्यवस्थापकाच्या पूर्ण स्वेच्छाधिकारात' अशा अर्थाचं वाक्य किती वेळा आणि कशाच्या संदर्भात आलं आहे. भाडं वाटायचं की राखून ठेवायचं, नवं कर्ज काढायचं की नाही, विकायचं कधी, या सगळ्यांत ते असेल तर तुमच्या मताला जागाच नाही. दुसरी: प्रवर्तकाला काढण्याचं कलम. सभासदांच्या किती मतांनी आणि कोणत्या कारणासाठी? फक्त न्यायालयात फसवणूक सिद्ध झाल्यावरच काढता येईल असं लिहिलं असेल, तर ते कलम असून नसल्यासारखं. तिसरी: नातेसंबंधातले व्यवहार. जागा विकणारा कोण, बांधकामाचं कंत्राट कुणाला, देखभालीची एजन्सी कुणाची? प्रवर्तकाच्या मेहुण्यानं वर्षभरापूर्वी ६ कोटींना घेतलेली जागा आता एलएलपी १० कोटींना घेत असेल, तर नफा आधीच कमावून झालेला आहे. हे तपासता येतं. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्या मिळकतीचे जुने दस्त आणि त्यांची सूची क्रमांक दोन बघता येते. किंमत तिथं लिहिलेली असते.

आणि सरळ विचारावं: तुमचे स्वतःचे किती पैसे यात आहेत? फी सोडून, खिशातले.

## शेतजमिनीचे गट आणि सातबारावरचं नाव

कळंबा, पाचगाव, उजळाईवाडीकडच्या पट्ट्यात इमारतीऐवजी जमिनीसाठीही असे गट जमतात. 'दहा जण मिळून दोन एकर घेऊ, एनए करून प्लॉट पाडू.' इथं जोखीम आणखी वेगळी आहे आणि मला ती जास्त गंभीर वाटते.

महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मग वाट काढली जाते: गटातला एक जण शेतकरी आहे, खरेदीखत त्याच्या नावावर करू, आपल्या आपल्यात पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून ठेवू. नोटरी केलेल्या त्या कागदानं जमिनीत हक्क निर्माण होत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानं स्थावर मालमत्तेतला हक्क द्यायचा तर दस्त नोंदवावा लागतो. सातबारावर नाव एकाचंच राहतं. तो उद्या वारला की वारस म्हणून त्याच्या मुलाबाळांची नावं लागतील, आणि त्यांना तुमचा स्टॅम्प माहीतही नसेल. त्यानं जमीन तारण ठेवून कर्ज काढलं तर सातबाराच्या इतर हक्कात बँकेचा बोजा चढेल, तुमचं नाव कुठंच दिसणार नाही.

यात आणखी एक खड्डा आहे. पैसे आपले आणि मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर, हा व्यवहार बेनामी कायद्याच्या कक्षेत जाऊ शकतो. १९८८ चा हा कायदा २०१६ मध्ये कडक झाला. बेनामी ठरलेली मालमत्ता सरकार जप्त करू शकतं, आणि 'खरा मालक मी आहे' असा दावा लावायचीही कायद्यानं मनाई आहे. म्हणजे विश्वासानं पैसे दिलेला माणूस न्यायालयाच्या दारातच अडतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे नीट समजावून सांगा. 'आम्ही असंच करत आलो' असं ते म्हणतील, तरीही सांगा.

## 'रेरा आहे, सेबी आहे, मग भीती कसली?'

रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा, घर किंवा प्लॉट विकत घेणाऱ्या ग्राहकासाठी आहे. महारेरा १ मे २०१७ पासून लागू आहे आणि ग्राहकाकडून घेतलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती हा त्याचा मोठा आधार आहे. पण तुम्ही प्रकल्पात नफ्याच्या वाट्यासाठी पैसे घातले असतील, तर तुम्ही ग्राहक आहात की प्रकल्पातले भागीदार, इथूनच वाद सुरू होतो. रेरा नंबर माहितीपत्रकावर आहे एवढ्यानं तुमच्या गुंतवणुकीला कवच मिळत नाही.

सेबीचं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचं म्हणाल, तर लोकांचे पैसे एकत्र करायचे, त्यातून नफ्याची आशा दाखवायची आणि रोजचा कारभार पैसे देणाऱ्यांच्या हातात ठेवायचा नाही, अशा योजनेला सेबी कायद्याच्या कलम ११ एए मध्ये सामूहिक गुंतवणूक योजना म्हटलं आहे. ती चालवायला नोंदणी लागते. नोंदणीशिवाय चाललेल्या योजनेचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे पर्ल्स, म्हणजे पीएसीएल. जमिनीच्या नावावर देशभरातल्या सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९ हजार कोटींहून अधिक रुपये तिनं गोळा केले. महाराष्ट्रातही तिचे एजंट गावोगावी होते. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीनं पैसे परत करायचा आदेश दिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं निवृत्त सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांची समिती नेमली गेली, आणि परतफेड सुरू झाली ती लहान रकमांच्या दाव्यांपासून, टप्प्याटप्प्यानं. सेबी होती, कायदाही होता. पैसे आधी गेले, आदेश नंतर आला.

मार्च २०२४ मध्ये सेबीनं या क्षेत्रासाठी स्वतंत्र चौकट आणली, तिचं नाव स्मॉल अँड मीडियम रीट. रीट म्हणजे अनेकांचे पैसे घेऊन भाड्याच्या मालमत्तेत घालणारा, सेबीकडे नोंदलेला ट्रस्ट; त्यातला हिस्सा म्हणजे युनिट. मालमत्ता ५० कोटींपासून ५०० कोटींपर्यंत, किमान २०० गुंतवणूकदार, एका माणसाची किमान गुंतवणूक १० लाख, ९५ टक्के पैसे तयार आणि भाडं देणाऱ्या मालमत्तेत, बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत गुंतवणूक नाही, आणि युनिटची शेअर बाजारात नोंदणी. नियम चांगले आहेत. पण ५० कोटींची ही खालची मर्यादा बघा. आठ-दहा कोटींच्या इमारतीसाठी तीस-चाळीस जणांनी काढलेली एलएलपी या चौकटीत बसतच नाही. आपल्या शहरातल्या माणसापुढं येणारे प्रस्ताव बहुतेक याच आकाराचे असतात. त्यामुळे 'आता सेबीनं मान्यता दिली आहे' असं कुणी म्हणालं तर योजनेचा सेबी नोंदणी क्रमांक मागावा आणि सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावा.

## 'अमेरिकेत तरी कायदे कडक असतील'

कडक आहेत, पण या प्रकाराला त्यांत मुद्दाम मोकळीक ठेवलेली आहे. तिथली बहुतेक सिंडिकेशन्स रेग्युलेशन डी च्या नियम ५०६ खाली पैसे उभे करतात. सेबीसारख्या तिथल्या नियामकाकडे पूर्ण नोंदणी न करता, फक्त सूचना देऊन. नियामक प्रस्ताव वाचून चांगला-वाईट ठरवत नाही. त्याऐवजी गुंतवणूकदार मुख्यतः 'मान्यताप्राप्त' असावा लागतो. त्याचं वर्षाचं उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर किंवा राहतं घर सोडून संपत्ती १० लाख डॉलरच्या वर हवी. असा माणूस नुकसान सोसू शकतो, हे त्यामागचं गृहीतक. कोल्हापुरातल्या पेन्शनरचा त्या गृहीतकात विचार नाही.

तिथं काय घडलं ते पाहण्यासारखं आहे. मार्च २०२२ पर्यंत अमेरिकेतला मूळ व्याजदर शून्याच्या आसपास होता. अनेक प्रवर्तकांनी त्या काळात दोन-तीन वर्षांच्या मुदतीची, बदलत्या व्याजाची कर्जं काढून अपार्टमेंट संकुलं घेतली. जुलै २०२३ पर्यंत तो दर ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेला. भाडं तेवढं वाढलं नाही. एप्रिल २०२३ मध्ये ह्यूस्टनमधली एकाच प्रवर्तकाची चार संकुलं, तीन हजारांहून जास्त घरं, जप्तीत गेली. भाडं येत असतानाही सभासदांचं भांडवल जाऊ शकतं, ते असं.

दुसरी घटना फसवणुकीची. २०२२ मध्ये नाइटिंगेल प्रॉपर्टीज या कंपनीच्या प्रमुखानं क्राउडस्ट्रीट या ऑनलाइन मंचावरून अटलांटा आणि मायामी बीचमधल्या दोन इमारतींच्या व्यवहारांसाठी सुमारे ८०० लोकांकडून ६ कोटी २० लाख डॉलरहून अधिक जमवले. पैसे त्या इमारतींत गेलेच नाहीत. शेअर घेण्यात आणि महागड्या घड्याळांत गेले. २०२५ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला आणि त्याला सात वर्षांहून जास्त कैद झाली. पैसे देणारे लोक अडाणी नव्हते. व्यवहार पूर्ण होईपर्यंत पैसे तिसऱ्याच्या ताब्यात राहतील, याची खात्री त्यांनी करून घेतली नव्हती.

इथून पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, गुंतवणुकीसाठी वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो, आणि परदेशी मालमत्ता दरवर्षी विवरणपत्रात दाखवावी लागते. न दाखवल्याचा दंड जबर आहे. मुलाच्या शब्दावर रक्कम पाठवण्याआधी इथल्या सीएला कागद दाखवा.

## बाहेर पडायचं असेल तर?

पडता येत नाही, एवढं गृहीत धरून चालावं. पाच वर्षं म्हणजे कमीत कमी पाच. हिस्सा विकायला प्रवर्तकाची संमती लागते, घेणारा मिळाला तर तो भाव पाडून मागतो. मुलीचं लग्न, ऑपरेशन, घराची डागडुजी यांसाठी लागणारा पैसा इथं घालू नये.

## मग जागेत पैसे घालायचेच नाहीत का?

असं माझं म्हणणं नाही. भाड्याचं उत्पन्न हवं आणि कटकट नको, तर शेअर बाजारात नोंदलेले मोठे रीट आहेत. देशातला पहिला २०१९ मध्ये नोंदला गेला. किमान ८० टक्के मालमत्ता तयार आणि भाडं देणारी असते, वाटण्याजोग्या रकमेतली ९० टक्के वाटावी लागते, आणि नको झालं तर बाजार सुरू असताना युनिट विकता येतं. भाव खाली येऊ शकतो, हे खरं. पण तो रोज दिसतो. राजारामपुरीतला छोटा गाळा स्वतःच्या नावावर, कर्ज न काढता घेणं हाही सरळ व्यवहार आहे. त्यात भाडेकरूशी तुम्हालाच बोलावं लागेल.

आणि सिंडिकेशनमध्येच जायचं असेल, तर पैसे देण्याआधीचे दोन महिने त्यासाठी राखून ठेवावे लागतात. स्वतःचा वकील, स्वतःचा सीए, प्रवर्तकानं दिलेला नव्हे. त्याच्या आधीच्या प्रकल्पांतला जो फसला त्या प्रकल्पाच्या सभासदांना फोन. कर्जमंजुरीचं पत्र आणि त्यातली मुदत. या मेहनतीला थोडी फी लागते.

## आधीच पैसे घातले असतील तर

घाबरून प्रवर्तकावर तुटून पडू नका, पण गप्पही बसू नका. एलएलपीला दरवर्षी ३० मे पर्यंत वार्षिक विवरण, म्हणजे फॉर्म ११, आणि ३० ऑक्टोबरपर्यंत जमाखर्चाचा फॉर्म ८ सरकारकडे भरावा लागतो. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून ही कागदपत्रं बघता येतात. तुमचं नाव भागीदार म्हणून नोंदलं आहे का, ते आधी पाहा. नसेल, तर तुमचे पैसे कोणत्या खात्यात आणि कोणत्या नावानं जमा आहेत, कर्ज म्हणून की भांडवल म्हणून, हे लेखी विचारा. मिळालेलं 'भाडं' खरंच भाड्यातून आलं की तुमच्याच भांडवलातून परत दिलं, हे ताळेबंदात कळतं. सीए अर्ध्या तासात सांगेल.

उत्तर मिळत नसेल आणि ठरलेली देणी थकत चालली असतील, तर जिल्हा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार करता येते. ठेवीदारांच्या हितासाठी राज्याचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे आणि नियमबाह्य ठेव योजनांवर केंद्राचा २०१९ चा बंदी कायदा आहे. एमपीआयडीखाली मालमत्ता जप्त होऊ शकते, म्हणून तक्रार मालमत्ता शिल्लक असताना जाणं महत्त्वाचं. सोबत करार, बँकेतून रक्कम गेल्याचा उतारा, माहितीपत्रक आणि परतावा सांगणारे व्हॉट्सॲप मेसेज जोडा. फोन बदलताना ते मेसेज पुसले जाऊ देऊ नका. ज्यांचे पैसे अडकले आहेत त्या सर्वांनी एकत्र तक्रार दिली तर पोलिसांनाही व्यवहाराचं पूर्ण चित्र पहिल्याच दिवशी मिळतं.